चांदोलीत तासभर नुसतं बसायचंय

पत्र असं आलं आहे, थोडं संक्षिप्त करून देते:

‘सप्रेम नमस्कार. मी सांगलीजवळच्या हरिपूरची, वय ६१. ह्यांना बँकेतून निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. मुलगा आणि सून पुण्याला नोकरीला, नातू नऊ वर्षांचा, नात पाच वर्षांची. दिवाळीत सगळे येणार आहेत आणि मुलानं दोन दिवसांची सहल ठरवली आहे. पहिल्या दिवशी सकाळी चांदोली, दुपारी कोयनानगर, संध्याकाळी ठोसेघर. दुसऱ्या दिवशी कास, बामणोली आणि परत. तासातासाचा तक्ता करून त्यानं घरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलाय. मागच्या वर्षीही एका जंगलात आमची अशीच सहल झाली. जीपवाल्यानं भरधाव फिरवून आणलं. गव्याची पाठ दिसली न दिसली. नातू “वाघ कुठाय” म्हणून रडला, हे म्हणाले पैसे पाण्यात गेले. येताना गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही.

माझ्या मनात वेगळंच आहे. माझ्या आईचं माहेर आता चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गेलंय. गाव उठलं, माणसं पांगली, माझं तिथं जाणं राहूनच गेलं. आई होती तोवर देवळापुढच्या आंब्याचं सांगायची. मला त्या जंगलात एकदा तासभर नुसतं बसायचंय. पण हे मुलाला कसं सांगू? तो इतक्या हौसेनं करतोय. “बसून काय करणार?” असं म्हणेल. आणि खरं सांगायचं तर बसून काय करायचं असतं, ते मलाही ठाऊक नाही. गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. तुम्ही सांगाल तसं करीन.’

ताई, आईच्या गावाचं नाव तुम्ही लिहिलं आहे. ते मी इथं छापत नाही, ते तुमच्यापाशीच राहू दे. पत्र वाचतानाच माझं उत्तर ठरलं: चांदोली ठेवा, बाकीची चारही ठिकाणं खोडा.

आधी मुलाचं बघू, कारण तुमचा जीव तिथं अडकलाय. त्याला ‘मला तुझा कार्यक्रम पसंत नाही’ असं म्हणायची गरजच नाही. तक्ता करणाऱ्या माणसाला तक्त्यातलीच चूक दाखवावी, ती त्याला लगेच पटते. दिवाळीत कासला फुलं नसतात. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा तो बहर, नंतर पठारावर वाळकं गवत उरतं. ठोसेघरच्या धबधब्याचं पाणीही पाऊस थांबला की ओसरत जातं. आणि अंतरं बघा. चांदोली आणि कोयना ही जंगलं नकाशात एकमेकांना लागून आहेत, २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला तो ही दोन्ही जोडूनच. पण गाडीला जंगलातून आरपार जाता येत नाही. चांदोली धरणाजवळच्या वारणावतीहून मागं फिरायचं, कोकरूड करत कराडला यायचं, मग पाटणवरून कोयनानगर, तिथून पुन्हा साताऱ्याकडे. सांगलीपासून धरलं तर पहिल्या दिवशी सात-आठ तास तुम्ही गाडीच्या काचेआडच असाल. पाच वर्षांच्या पोरीला हे सोसणार नाही, तुमच्या गुडघ्यांना तर नाहीच.

हे त्याला फोनवर, एकट्याला सांगा. ग्रुपवर नको, सगळ्यांसमोर तक्ता मोडला की माणूस हट्टाला पेटतो. आणि शेवटी ते आजोळाचं सांगा. मला वाटतं तुम्ही त्याला ते कधी नीट सांगितलंच नसेल. आपल्या आईला कुठंतरी जायचंय आणि तिनं ते एवढी वर्षं बोलून दाखवलं नाही, हे कळल्यावर सहलीचा तक्ता कवटाळून बसेल असा मुलगा मला तुमच्या पत्रात दिसला नाही.

आयोजनाचं काम मात्र त्याच्याकडेच राहू द्या. त्यात त्याची हौस आहे आणि चांदोलीत चौकशा करायला माणूस लागतोच. पावसाळ्यात उद्यान पर्यटकांसाठी बंद असतं, साधारण ऑक्टोबरच्या मध्याला उघडतं. प्रवेशाची वेळ, सुटीचा वार, कोणत्या वाटेनं गाडी जाते, स्वतःची चालते की तिथलीच घ्यावी लागते, हे वारणावतीच्या वनविभागाच्या कार्यालयातून त्यानं आधीच विचारून घ्यावं. सांगलीहून इस्लामपूर, शिराळा, कोकरूड, आरळा, मणदूर असं जायला अडीच तास धरा. म्हणून आदल्या संध्याकाळीच निघा आणि त्या बाजूच्या एखाद्या गावात मुक्काम करा. फाटक उघडताना तुम्ही तिथं असलात की पुढचा दिवस तुमचा. दहा वाजता पोहोचलात तर जंगल तोवर सावलीला गेलेलं असतं.

आता तुमचा खरा प्रश्न, बसून काय करायचं असतं?

मलाही हे कुणी शिकवलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या प्राणीगणनेला मला बसायला मिळालं. दुपारी चार वाजता मचाणावर चढलो, मी आणि एक वनमजूर. त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या, अत्तर लावून यायचं नाही आणि वेफरचं पाकीट आणायचं नाही. पहिले दोन तास माझं चित्त घरी होतं. गॅस बंद केला का, उद्या दूध कोण घेईल. पाणवठा म्हणजे खाली चिखल, मध्ये घमेल्याएवढं आभाळ दाखवणारं पाणी, बस्स. सूर्य कलला तेव्हा एक रानकोंबडा ओरडला, मग दुसरा, मग तेही थांबले.

रात्री दहाच्या सुमाराला आधी वास आला. गोठ्याचा. आपल्या घरी दावणीला जनावर असतं तेव्हा येतो अगदी तसा, जंगलाच्या मधोमध. मग झाडांच्या काळोखात मला पांढरे पाय दिसले. नुसते पाय, चार, मग आठ. गव्याचं अंग इतकं काळं असतं की चांदण्यातही ते अंधारात मिसळून जातं, गुडघ्याखालचे पांढरे मोजे तेवढे चालत येताना दिसतात. पुढची मादी काठाशी येऊन थांबली आणि नुसती उभी राहिली. पाणी समोर, तहान असणारच, तरी दहा मिनिटं तिनं तोंड लावलं नाही. कान फिरवत होती. माझा हात विजेरीकडे गेला तर वनमजूरकाकांनी तो दाबून धरला. मग तिनं एकदा फुरफुर केली, खाली वाकली, आणि तिच्या पायांमधून एक वासरू पुढं आलं.

सकाळी खाली उतरले तर चिखलात जागोजाग खूर उमटलेले. त्यांत रात्रीचे ताजे होते तसे कडा वाळलेले जुनेही होते. म्हणजे आदल्या दुपारी मी त्याच खुरांवरून चालत मचाणाकडे गेले होते आणि मला त्यातलं काही दिसलं नव्हतं. ताई, त्या दहा मिनिटांच्या उभं राहण्यातून मी बसायला शिकले. ज्या जनावराला वाघाशिवाय कुणाचं फारसं भय नाही, तेसुद्धा आधी थांबतं, ऐकतं, मग पाणी पितं. आपण मात्र गाडीतून उतरताक्षणी फोटो मागतो.

तर तुम्ही असं करा. वाटाड्या बरोबर असेलच. बहुतेक वाटाडे त्याच भागातले असतात आणि त्यांना जंगल घरासारखं माहीत असतं. पण ‘काहीच दाखवलं नाही’ म्हणून पर्यटक त्यांच्यावर चिडतात, म्हणून ते पळवतात. निघायच्या आधीच त्यांना सांगून टाका की आम्हाला दाखवायची घाई नाही, उतरायला परवानगी आहे तिथं सावली बघून आम्हाला तासभर बसू द्या आणि गाडीचं इंजिन बंद ठेवा. त्यांच्या चेहऱ्यावर जो मोकळेपणा येईल तो बघा. आपल्या मनानं मात्र कुठंही उतरू नका, वाट सोडून आत जाऊ नका. तिथं अस्वल आहे, बिबट्या आहे, आणि वासरू बरोबर असलेला गवा या दोघांइतकाच सांभाळून राहण्यासारखा. गुडघ्यांसाठी घडीची छोटी खुर्ची किंवा जाड बैठक न्या. कपडे मळकट रंगाचे, पाण्याच्या बाटल्या, आणि भाकरी-चटणी घट्ट झाकणाच्या डब्यात. डबा उघडायचा तो फाटकाबाहेर आल्यावरच.

बसलात की पहिली पंधरा मिनिटं काहीच होणार नाही. आपण आल्यानं सगळं गप्प झालेलं असतं. तेवढी वेळ जाऊ द्या, चुळबुळ करू नका, तुमच्या यजमानांना घड्याळ बघू देऊ नका. मग एखादं पाखरू पुन्हा बोलायला लागतं, आणि एकानं तोंड उघडलं की बाकीची धीर धरतात. आधी ऐका, बघायचं नंतर. वानर ‘खोक्, खोक्’ असं एकाच जागेवरून ओरडत राहिलं तर त्याला झाडावरून काहीतरी दिसलंय, बहुधा बिबट्या. भेकर ओरडतं ते थेट कुत्रं भुंकल्यासारखं, आकारानं ते शेळीएवढं असतं यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. मोठा धनेश डोक्यावरून गेला तर पंखांचा आवाज पक्ष्याच्या आधी येतो, कुणीतरी दमानं सुपानं पाखडतंय असा.

मग एकच झाड घ्या आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सावकाश बघा. वर फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला तर तो शेकरूचा. आपल्या राज्याचा प्राणी आहे हा. एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधतं, त्यामुळे गोळा दिसला म्हणजे धनी घरी असेलच असं नाही. खालच्या फांदीवर शेणाच्या गोळ्यासारखं, थरावर थर चढवलेलं काही लटकताना दिसलं तर ते मुंग्यांचं घर. त्याला गोल भोक असेल तर नातवाला जवळ बोलवा. तांबूस सुतार नावाचा पक्षी त्या जिवंत, चावऱ्या मुंग्यांच्या घरातच भोक पाडतो आणि आत अंडी घालतो. एरवी याच मुंग्या तो खातो. मी हे ऐकलं होतं, पण असं भोक पडलेलं घर प्रत्यक्ष बघितलं तेव्हा त्याखालून माझा पाय निघेना.

वाघाचं नातवाला घरीच सांगून टाका. चांदोली म्हणजे ताडोबा नव्हे. इथलं जंगल दाट आणि सदाहरित, नजर दहा पावलांपलीकडे जात नाही. वाघ इथं अगदी मोजके आहेत, आणि विदर्भातून वाघ आणून त्यांची संख्या वाढवण्याची योजना सुरू झाली आहे. तो दिसणार नाही असं समजूनच जायचं. त्याऐवजी त्याला नदीची गोष्ट द्या. हरिपूरच्या पोराला संगम नवा नाही, पण कृष्णेला येऊन मिळणारी वारणा येते कुठून, हे त्याला कुणी सांगितलंय का? ती पाथरपुंजाच्या बाजूला उगम पावते, आणि पाथरपुंज म्हणजे राज्यातल्या सर्वांत जास्त पावसाच्या जागांपैकी एक. त्या पावसाचं पाणी चांदोलीच्या धरणात अडतं. ३४ टीएमसीचं धरण आहे ते, आणि पुराच्या दिवसांत ‘चांदोलीतून विसर्ग वाढवला’ ही बातमी ऐकून तुमच्या गल्लीत सामान माळ्यावर चढतं, ते याच पाण्यामुळे. जलाशय समोर दिसला की त्याला म्हणा, हे पाणी आपल्या घाटावर येणार आहे. त्याचे डोळे बघा मग.

नातीसाठी दोन हात सुतळी पिशवीत टाका. बसल्या जागी, वाटाड्यानं चालेल म्हटलेल्या ठिकाणी, तिचा गोल करून जमिनीवर ठेवायचा आणि त्या गोलाच्या आत काय काय आहे ते तिला मोजायला सांगायचं. मुंगळा, बुरशी, कुरतडलेली बी, कुणाचं तरी पीस. हात लावायचा नाही, फक्त मोजायचं. पाच वर्षांच्या पोराला अख्खं जंगल फार मोठं होतं, परातीएवढं मात्र नीट मावतं. आणि सुनेला या तासात कसलंही काम सांगू नका, डबे, पोरं, पाणी काही नाही. तिलाही पुण्यात बसायला मिळत नसणार.

आता आजोळाबद्दल, यावर मी जास्त वेळ विचार केला.

आधी वारणेवरचं धरण आणि मग १९८५ मध्ये झालेलं अभयारण्य, यांमुळे त्या खोऱ्यातली गावं एकेक करून उठली. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला २००४ मध्ये. आज ३१७ चौरस किलोमीटरचं हे उद्यान जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि त्यामागं तुमच्या आईच्या माहेरासारख्या घरांनी सोडलेला उंबरा आहे. हे पर्यटकांना क्वचितच कुणी सांगतं. शेतं होती तिथं आता गवताची माळरानं झालीत, आणि गवे, सांबरं नेमकी तिथंच चरायला येतात. बांध अजून ओळखू येतात. घरांची जोती उरलीत, आंबा-फणस उरलेत. रानात मध्येच एखादा डेरेदार आंबा दिसला आणि जवळपास जंगली झाड एकही नसलं, तर समजावं की इथं कुणाचं तरी अंगण होतं.

तुमचं गाव पर्यटकांच्या वाटेवर असेलच असं नाही. बराचसा भाग गाभ्याचा आहे, तिथं कुणालाच सोडत नाहीत. म्हणून वनविभागाला रीतसर अर्ज करा. हो म्हणाले तर त्यांच्या माणसाबरोबर जा आणि तो सांगेल तेवढाच वेळ थांबा. देवळापुढं उदबत्ती, कापूर, निरांजन काहीही लावू नका. पावसाळा सरल्यावर गवत वाळायला लागतं आणि एका ठिणगीनं अख्खा डोंगर जातो. हात जोडा, पुरे. आंब्याचं पान, जोत्याचा दगड, काही घेऊन येऊ नका, मोह होईल तरी.

नाही म्हणाले तर वाद घालू नका, आणि खट्टूही होऊ नका. झोळंबीच्या सड्याकडे पर्यटकांची वाट जाते. सडा म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा माथा, तिथून नजर लांबवर जाते. वाटाड्याला गावाचं नाव सांगा आणि ते कोणत्या अंगाला आलं एवढं विचारा. तो हात करील. त्या बाजूला तोंड करून बसा. तुमच्या आईनं सांगितलेलं जे जे आठवेल, देऊळ, आंबा, पाणवठा, मामांची नावं, ते मुलाला आणि नातवाला तिथं बसून सांगा, हळू आवाजात. तुमच्यानंतर हे सांगणारं घरात कुणी उरत नाही.

दुसरा दिवस मोकळाच ठेवा. मुलगा अगदीच चुळबुळला तर पोरांना घेऊन त्यानं दुसऱ्या एखाद्या रविवारी सागरेश्वरला जावं. ताकारी स्टेशनपासून जवळ आहे, जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं अभयारण्य, माणसांनी झाडं लावून उभं केलेलं. तिथं पायी फिरता येतं, सांबरं, चितळं दिसतात आणि वरून कृष्णाकाठचा ऊस लांबवर दिसतो. चढ आहे, तुम्ही खाली देवळांपाशी थांबा.

अर्ज साध्या कागदावर, मराठीत लिहा. तुमचं नाव, आईचं माहेरचं नाव, गावाचं नाव, बरोबर किती माणसं, कोणती तारीख, आणि तिथं काय करायचंय ते जसं मला लिहिलंत तसंच: तासभर नुसतं बसायचं आहे. दिवाळीच्या आठवड्यात कार्यालयात गर्दी असते, म्हणून दसऱ्याच्या आत तो पोचला पाहिजे. आणि मुलाला फोन आज रात्रीच करा, त्यानं खोल्यांचे पैसे भरायच्या आधी.